घट्ट कोट

डॉक्टर: तपासणीचा कागद राहू दे बाजूला, काका. आधी मला सांगा, त्या बुधवारी थिएटरात नक्की झालं काय?

काका: काही झालं नाही. सिनेमा टुकार होता, एवढंच.

काकू: बघा. तेव्हापासून हे एकच वाक्य. एरवी ह्यांना सिनेमाचा विषय काढून द्या आणि तुम्ही खुशाल जेवून या. परत याल तेव्हा हे जेमतेम मध्यंतरापर्यंत आलेले असतील.

काका: काय म्हणालीस?

काकू: म्हटलं, सिनेमावर छान बोलता तुम्ही!

काका: बोलायचो.

काकू: हे असं, डॉक्टर. घरात एक माणूस कमी झाल्यासारखं झालंय. दर बुधवारी आमचा दुपारचा खेळ ठरलेला. हे छापखान्यातून निवृत्त झाले, मी टेलिफोन खात्यातून, तेव्हापासूनचा नेम. म्हाताऱ्यांना तिकीट अर्धं असतं. आधी सिनेमा, मग चहा, आणि चहावर ह्यांचं मत. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोकसुद्धा कान टवकारायचे. आता महिना झाला, बुधवार आला की ह्यांचं डोकं दुखतं.

डॉक्टर: आणि झालं काय होतं?

काकू: सांगू का मी? अहो, सांगू का?

काका: सांग. आख्ख्या थिएटरला माहीत आहे, ह्यांना कळलं तर काय बिघडतंय.

काकू: नवरा-बायकोचा सिनेमा होता. बर्फ पडतोय, दोघं बाकावर बसलेत. ती कुडकुडतेय, तोंडावरून मफलर गुंडाळलाय. सगळं थिएटर चिडीचूप. आणि ती अगदी हळू आवाजात म्हणते, "मला घटस्फोट हवाय." तो खाली मान घालून बसतो. माझ्या शेजारच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. आणि हे मोठ्यांदा म्हणाले...

काका: मोठ्यांदा नाही. नेहमीच्या आवाजात.

काकू: तुमचा नेहमीचा आवाज म्हणजे छापखान्यातला. हे म्हणाले, "अरे, मग घेऊन दे की! गारठलीय पोरगी!"

डॉक्टर: काय घेऊन दे?

काका: कोट. मला ऐकू आलं, "मला घट्ट कोट हवाय." आता तुम्हीच सांगा, बाई थंडीत बसलीय, अंगातला कोट ढगळ आहे, वाऱ्याने फडफडतोय. चुकीचं काय आहे त्यात?

डॉक्टर: काही चुकीचं नाही.

काका: तुम्ही हसताय.

डॉक्टर: हसतेय, खरंय. माफ करा.

काका: हसा. तेव्हा तर तीनशे माणसं हसली. रडता रडता हसली. मला वाटलं, वा, काय मार्मिक बोललो आपण. मध्यंतरात मी बाहेर उभ्या असलेल्या दोन पोरांना समजावूनही सांगितलं, की बघा, ह्या सिनेमात कोट ही मोठी गोष्ट आहे. नवरा कंजूष आहे. इतकी वर्षं संसार केला, पण बायकोच्या मापाचा एक कोट त्याने शिवून दिला नाही. त्यातली एक पोरगी फार सभ्य होती. ती म्हणाली, "आजोबा, ती घटस्फोट म्हणाली." माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली. म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

डॉक्टर: मग?

काका: मग काय? ही चहा घेऊन आली. मी म्हटलं, घरी जाऊ. सिनेमा टुकार आहे.

काकू: आणि मला हे कोटाचं घरी आल्यावर कळलं, तेही खोदून खोदून विचारल्यावर. मी त्यांना म्हटलं, त्यात काय एवढं, मला तर तुमचीच गोष्ट आवडली. तर म्हणतात, तू माझी कीव करू नकोस.

डॉक्टर: काका, त्याआधी तुम्हाला आवडलेला सिनेमा कुठला?

काका: आता कशाला ते.

डॉक्टर: मला विचारायचंय. मी फार सिनेमे बघत नाही. वेळ नसतो. मग कुठला बघावा?

काका: जुने बघा. एक कोर्टातला होता, काळा-पांढरा. त्यात वकील असा समोर उभा राहतो, खांबासारखा, आणि बोलतो. काय बोलतो! शब्द न् शब्द नाण्यासारखा खणखणीत. नट असावा तर असा. दुसरा एक शाळेचा. बाई फळ्याकडे पाठ करून शिकवते, शेवटपर्यंत शिकवतच असते. सुंदर.

डॉक्टर: आणि नवे?

काका: नव्यांचं सांगू नका. एक पोलिसांचा पाहिला. सगळा काळोख. विजेचं बिल वाचवायला काढला होता की काय, कोण जाणे. तोंडभर मिशांचं जंगल असलेला इन्स्पेक्टर सगळ्यांकडे पाठ करून खिडकीतून बोलतो. अरे, बोलतोस त्याच्याकडे बघ तरी. एक अवकाशातला होता. डोक्यावर काचेच्या हंड्या घातलेली माणसं. कथाच नाही! मग नातवंडांबरोबर तो कोल्ह्याचा पाहिला, चित्रांचा. कोल्हा बोलतो एक आणि तोंड हलतं भलतंच. लबाड वाटला मला.

काकू: अहो, कोल्हाच तो.

काका: तसला लबाड नाही. आणि ते दुसऱ्या भाषेतले सिनेमे, वरून आपल्या भाषेत आवाज चिकटवलेले? त्यात एकही माणूस खरं बोलत नाही. सगळे थापाडे वाटतात.

डॉक्टर: आणि ज्यांत खाली अक्षरं येतात ते?

काका: ते! ते उत्तम. परवापरवा एक पाहिला, मच्छीमारांचा. त्यातला बारकावा...

काकू: त्यात मला अक्षरं दिसेनात, म्हणून हे मला वाचून दाखवत होते. मागच्या रांगेने तक्रार केली.

डॉक्टर: काका, एक सांगू? कोर्टातला वकील, शाळेतल्या बाई आणि खाली अक्षरं येणारा मच्छीमार, हे तुम्हाला आवडले. मिशीवाला, पाठमोरा, काचेच्या हंडीतला, आवाज चिकटवलेला, हे तुम्हाला आवडले नाहीत.

काका: बरोबर. अभिरुची म्हणतात त्याला.

डॉक्टर: म्हणतात. पण ज्यांचे ओठ किंवा अक्षरं तुम्हाला दिसतात तेवढीच माणसं तुम्हाला आवडतात असं मला दिसतंय.

काका: ओठ?

काकू: अहो?

काका: छापखान्यात यंत्रं सुरू झाली की कानाचा उपयोग नसायचा. आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलायचो. पलीकडच्या टोकाचा माणूस काय शिवी देतोय तेसुद्धा कळायचं. सवय झाली.

डॉक्टर: फार चांगली सवय आहे. म्हणून तर इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. पण आतल्या खोलीत आज मी जे आवाज लावले, त्यातले बारीक आवाज तुम्हाला आलेच नाहीत. स, ट, फ, क. ही अक्षरं गळतात आणि उरलेल्यातून तुम्ही वाक्य जुळवता.

काका: वाईट जुळवत नाही.

काकू: अजिबात नाही. डॉक्टर, तो एक हरवलेल्या मुलाचा सिनेमा होता. शेवटी म्हातारी म्हणते, "तो तुझा बाप आहे." ह्यांना ऐकू आलं साप. चहावर मला विचारतात, सगळं ठीक होतं, पण शेवटपर्यंत साप काही दाखवला नाही. दिग्दर्शकाने काय संयम ठेवलाय!

डॉक्टर: आणि तुम्ही तेव्हा सांगितलं नाहीत?

काकू: इतकं रंगून सांगत होते. कोण मोडणार? मला वाटायचं, लक्ष नसतं ह्यांचं, म्हणून चुकतात. पुरुषांचं लक्ष नसतंच. इतकं ऐकू येत नसेल असं मनात आलं नाही. माझा जन्म गेला लोकांना "हॅलो, ऐकू येतंय का" विचारण्यात, आणि घरच्या माणसाला विचारायचं राहिलं. पण थांबा. ज्यांचे ओठ दिसतात त्यांचंच ह्यांना कळतं, असंच ना?

डॉक्टर: बहुतेक तसंच. का?

काकू: म्हणजे मी पाठ करून काही बोलले तर? ओट्याशी उभी राहून वगैरे?

डॉक्टर: तर त्यांना आवाज येईल. शब्द येतीलच असं नाही.

काकू: अहो, इकडे बघा माझ्याकडे. धाकटी सासरी गेली त्या वर्षीची गोष्ट. तुम्ही जेवत होतात आणि मी ओट्याशी होते. मी म्हटलं, "मला हल्ली फार एकटं वाटतं." आठवतंय?

काका: नाही.

काकू: मला आठवतंय. तुम्ही म्हणालात, "छान झालंय."

काका: मी?

काकू: छान झालंय, म्हणालात आणि आणखी वाढून घेतलंत.

काका: मला ऐकू आलं असेल, "चवीला कसं वाटतं." तोंडात घास होता. म्हटलं, छान झालंय. अगं, असं कुणी मुद्दाम म्हणेल का?

काकू: मला कसं कळणार? मी त्यावर दोन दिवस अबोला धरला होता.

काका: अबोला? कधी?

काकू: घ्या. तोही ह्यांना ऐकू आला नाही.

डॉक्टर: काकू, पाणी देऊ?

काकू: नको नको. हसू येतंय मला. वर्षानुवर्षं मी ते मनात धरून बसले होते, डॉक्टर. कुठे काही भांडण झालं की आतून ते वर यायचं, छान झालंय म्हणणारा माणूस आहे हा. आणि ते म्हणे भाजीला होतं.

काका: मला विचारायचं ना परत.

काकू: एकटं वाटतंय हे दोनदा सांगायची गोष्ट आहे का?

काका: नाही. बरोबर आहे तुझं.

डॉक्टर: काका, मी एक यंत्र लावते. घालून बघायचं फक्त. पंधरा दिवस वापरा, नाही पटलं तर परत आणून द्या.

काका: म्हातारा दिसेन.

काकू: नाही तर आता कोण राजबिंडा बसलाय इथे?

काका: लावा. आधी उजवा.

डॉक्टर: हं. थोडं खुपेल. आता सुरू करते. काय वाटतं?

काका: हे कसलं खसखस खसखस?

डॉक्टर: तुमचाच सदरा आहे. हात हलवलात ना.

काका: सदऱ्याला आवाज असतो? आणि तुमची खुर्ची करकरते, डॉक्टर. तेल घाला. ए, तू बोल काहीतरी.

काकू: काय बोलू?

काका: आई गं! ओरडतेस कशाला?

काकू: मी नेहमीसारखंच बोलतेय!

डॉक्टर: काकू, तेच सांगणार होते. आता तुम्हाला वरच्या पट्टीत बोलायचं कारण नाही.

काकू: सवय मोडायला वेळ लागेल. मला आता हळू बोलता येतं की नाही, तेच ठाऊक नाही.

(पुढचा बुधवार. दुपारचा खेळ सुटला आहे. दोघं थिएटरच्या पायऱ्या उतरत आहेत.)

काकू: सावकाश. कठड्याला धरा. मग? काय म्हणतंय मत?

काका: मागच्या रांगेतला माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत कुरुमकुरुम खात होता.

काकू: सिनेमाबद्दल विचारतेय.

काका: बोलतात फार. ती ढसाढसा रडतेय, मला दिसतंय, सगळ्यांना दिसतंय, आणि तो विचारतो, "तू रडतेयस का?" मी इतकी वर्षं समजत होतो, हे लोक एकमेकांना काहीतरी मोठं सांगत असतील. अर्धा वेळ नुसतं "काय", "कुठे", "थांब" आणि "ऐक" म्हणतात. आधीचे सिनेमे ह्यापेक्षा पुष्कळ चांगले होते.

काकू: ते तुम्ही लिहिलेले होते.

काका: असेल. पण हा काही खास नाही. त्या भावाचं काम तर अगदीच लाकडी.

काकू: मला आवडलं त्याचं काम.

काका: लाकडी काम आवडलं?

काकू: लाकडी नव्हतं. तो मुळात अबोल माणूस आहे, तसाच त्याने केला. आणि तुमचा तो काळा-पांढरा वकील आहे ना, तो मला कधीच आवडला नाही. थुंकी उडवत बोलतो.

काका: काय सांगतेस! त्या दिवशी चहावर तू हो म्हणालीस. इतकी वर्षं माझं प्रत्येक मत तुला पटत होतं.

काकू: कुठे पटत होतं? मी दर वेळी सांगत होते. तुम्ही कपात बघत असायचात.

काका: म्हणजे दर बुधवारी आपलं भांडण व्हायचं?

काकू: माझ्या बाजूने व्हायचं.

काका: कमाल आहे. मग कोण जिंकायचं?

काकू: तुम्ही. तुम्हाला ऐकूच येत नव्हतं, तुम्ही काय हरणार? चला, तो रस्ता ओलांडला की चहा.

काका: थांब जरा. ती बहीण परत येते आणि भाऊ दार उघडतो, तिथे तू रडलीस.

काकू: मी नाही हं. अंधारात तुम्हाला काय दिसलं?

काका: दिसलं नाही. मी पडद्याकडे बघत होतो. ऐकू आलं.

काकू: एवढंसं नाक ओढलं मी. रुमालात.

काका: तेच.

काकू: इतकं बारीक ऐकू येतं त्या यंत्रातून? आता घरात काही लपायचं नाही म्हणजे.

काका: नेहमी रडतेस का सिनेमात?

काकू: कधी कधी. काही सिनेमे लागतात मनाला.

काका: मला कधी कळलंच नाही. शेजारी बसून. आज काय लागलं?

काकू: सांगेन घरी गेल्यावर. भर रस्त्यात काय ओरडून सांगायचं ते?

काका: इथेच सांग. हळू सांगितलंस तरी चालेल.