एकच झोका

...नाही हो, झाडानं मला कधी दगा दिला नाही! तुम्हाला सांगतो, दगा दिला तो माणसांनी, आणि तोही अगदी लाडात येऊन. बावीस वर्षं झाली, मी लीलाधर, झाडं तोडून उतरवतोय, धुळ्यात कुणालाही विचारा... पण परवा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भडगावात माझी जी गत झाली ना, वैऱ्याची होऊ नये.

आता म्हणाल, सणाचं गेलासच कशाला? अहो, माझी मोनाली लग्नानंतर पहिल्या आखाजीला सावद्याहून माहेरी येणार होती, ती यायच्या आत आमच्या धुळ्यातल्या दारच्या निंबाला झोका बांधीन असा शब्द दिलेला. तर सकाळीच भडगावच्या प्रेमराजनानांचा फोन, "लीलाधर, निंबनी वाळेल फांदी पोरीस्ना डोकावर पडी ना भाऊ, तूच ये." पोरींचं नाव निघालं की मला नाही म्हणता येतं का? गेलो.

काम मात्र असं केलं की बघत राहावं. कमरेला हार्नेस, डोक्यावर हेल्मेट, आखूड पट्टा खोडाभोवती, तो सुटणार नाही म्हणजे नाही. आधी फांदीला खालून खाच, मग वरून काप, नाहीतर साल सोलत सगळं अंगावर येतं. प्रत्येक तुकडा दोराला बांधलेला, खाली वना, माझा भडगावचाच जोडीदार, दोराला बुंध्याभोवती दोन वेढे देऊन हळूहळू सोडतोय. दहा वाजता फांदी साफ! कापायचं मशीन खाली पाठवलं, उतरायचा दोर जाड फांदीवरून टाकला, दोन्ही टोकं खाली सोडली... आणि तिथंच चुकलो.

गल्लीतल्या माहेरवाशिणींनी काय पाहिलं? निंबावरून दोर लोंबतोय! कुणी पाट आणला, कुणी गाठ मारली, आणि एक बसलीसुद्धा. मी वरून ओरडतोय, "ताई, मला उतरायचंय," तर खालून, "एकच झोका, काका!"

एकच म्हणजे किती हो? ती उतरली की दुसरी, तिचाही एकच. खोड वीस फूट सरळसोट, हात ठेवायला जागा नाही. चढताना लावलेली शिडी? ती गेली पलीकडच्या गल्लीत, त्यांचा झोका बांधायला. नानांना हाक मारली तर म्हणतात, "पोरी माहेरले येल शेतीस, त्यास्ले उठ म्हनू मी? तू बस ना, वर सावली शे." वनाला म्हटलं, अरे, दोराला कुणाला हात लावू द्यायचा नाही हेच ना तुझं काम? तर हा खाली मान घालून म्हणतो, "भाऊ, मनीच बहीन शे पाटवर." आणि सख्ख्या बहिणीला झोका देतोय!

बरं, माझंही तोंड गप्प बसेल तर शपथ. ती गाठ मला बघवेना. "अशी नाही, सुटेल ती, टोक आतून घ्या, अजून एक फेरा," म्हणत वरून पक्की गाठ शिकवली. झालं! झोका भक्कम झाला म्हटल्यावर दोघी-दोघी बसायला लागल्या.

तेवढ्यात मोनालीचा फोन. "पप्पा, पारोळ्याला आले. झोका बांधला का?" म्हटलं, "बांधलाय." खोटं कुठं बोललो? बांधलेलाच होता. पण फोन ठेवला आणि खाली पाहिलं. दुसऱ्यांच्या लेकी माझ्या दोरावर गाणी म्हणतायत, आणि माझी लेक मोकळ्या निंबाखाली येऊन उभी राहणार.

दीड वाजता नानांच्या बायकोनं, ताईबाईंनी, आमरसाला हाक मारली, तेव्हा कुठं पाट रिकामा झाला. मी सरसर खाली, जेवायला थांबलो नाही, मोटरसायकलवर थेट धुळं. चार वाजता पोचलो तर पोरगी उंबऱ्यावर, गाल फुगलेले, डोळे लाल. मी पाणीसुद्धा प्यायलो नाही. हार्नेस चढवला, निंबावर गेलो, पट्टा खोडाला लावला, दोर टाकला, दोन्ही टोकं खाली सोडली...

हो हो, हसा. मलाही खाली पाट सरकल्याचा आवाज आला तेव्हाच कळलं.

"पप्पा," मोनाली खालून म्हणाली, "एकच झोका."

म्हटलं, "घे बाई. मी कुठं जातोय?"