डिफ्रन्शल तापतंय

नांदेडहून लातूरला निघालेल्या यष्टीत माझ्या मागच्या सीटवर एक नवरा-बायको बसले होते.

"दारात रेसची लाल गाडी, अन् आक्काच्या वास्तुशांतीला मी यष्टीत!"

"बबिता, डिफ्रन्शल तापतंय तिचं. मागची चाकं फिरवणारा गियरचा डबा असतोय ना, तो. जोरात पळवली की आतलं तेल पातळ होतंय अन् दाते घासतेत."

"मग घट्ट तेल टाका की."

"लई घट्ट टाकलं तर दात्यांनाच फिरायला जड जातंय. त्यानं बी तापतंय."

"मग मधलं टाका."

"मधलं पुण्याहून मागवलंय. आलं न्हाई अजून."

"चाळीसच्या स्पीडनं गेलं तर तापतंय का?"

"न्हाई तापत."

"मग कामून आणली न्हाई?"

"चाळीसनं? ती गाडी? अगं, उसाचा ट्रॅक्टर पुढं गेला तर तोंड कुठं दाखवू मी?"

"अन् माझं तोंड? आक्कानं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, बबी लाल गाडीत येणार म्हणून."

"पुढच्या टायमाला नक्की नेतो."

"आक्का काय दर वर्षी घर बांधणार हाय?"

चढ लागला. यष्टी कण्हायला लागली. तेवढ्यात उसाचा एक रिकामा ट्रॅक्टर गाणी वाजवत आला अन् आम्हाला मागं टाकून निघून गेला.

थोड्या वेळानं यष्टी लोह्याच्या स्टँडात शिरली.

"बबिता, लोहा आलं. उतरून परत जायचं का? गाडी आणू."

"चाळीसनं चालवाल?"

"चालवतो. इज्जत तर इथं बी गेलीच."

"मग तीसनंच चालवा. अन् काचा खाली ठेवा, गल्लीत मी नीट दिसली पाहिजे."