मावळतीकडची तासं

न्हाई साहेब, त्या दिवशी वारं कुठलं — आभाळ भरून आलेलं, पण नुसता उकाडा, झाडाचं पान हालत नव्हतं. शेजारच्या रामलिंगनं गवत जाळायचं औषध मारलं, ते खरं, पण ते त्याच्या उसात. माझी कापसाची पऱ्हाटी बांधाच्या अल्याड. वारं न्हाई तर औषध इकडं येईल कसं? न्हाईच येणार. हे माझ्याच हातानं झालं — युरिया जादा पडला. कवळी रोपं, वीतभर न्हाईत, अन् मी डोळ्यानं अधू — चिमूट टाकायची तिथं मूठ टाकली. करपली. एवढंच हाय. चहा घ्या, थंड होऊन राहिला.

पानं? हाव, भेंडीच्या पानावानी झाली, चिरलेली, लांबट, शेंडा पिळवटलेला. युरियानं असं होत न्हाई म्हनता — असंल, तुम्ही शेतकी खात्याचे, शिकलेले. मावळतीकडचीच तासं? हाव, उसाकडच्या ओळी. उगवतीकडची हिरवी हायेत, तिकडं खत कमी — न्हाई, टाकलं सारखंच — आता ध्यानात न्हाई बगा. पंप चालू होता तवा मी बांधावरच होतो, बाभळीवर टावेल वाळत टाकला होता, तो जो उडाला तो पार उगवतीला, विहिरीपाशी —

राहू द्या.

असं बघू नका साहेब. तक्रार माझी न्हाई, सुनेची, साखराबाईची. तिनं एक एक सरकी हातानं मातीत टोबली, राग येनारच की. पन तिला सगळं ठाऊक न्हाई. तिची लेक पुनम लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला हाय, परीक्षा अजून लांब. राहती रामलिंगच्या बहिणीकडं. भूकंपानंतर बांधलेलं मजबूत घर, क्लास दोन पावलांवर, बाई लेकीवानी जेवू घालती. दुसरीकडं बघितलं की आम्ही — सगळ्या खोल्या भरलेल्या, पोरं जिन्यात झोपून राहिली. तिथनं उठून परत आली पोरगी तर पुन्हा जानार हाय का? न्हाई जानार. अन् ह्या पऱ्हाटीचं — येळ निघून गेली, आता काय पुन्हा टोबायची.

तवा युरियाच म्हना, अन् निघा, सून रानातून यायच्या आत. रामलिंग वाईट मानूस न्हाई, लई नरम बोलतो. तुमच्या आधीच येऊन गेला सकाळी, इथंच बसला, तुमच्या जागी. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला, अन् चप्पल घालता घालता म्हनला, "काका, पुनमची काळजी करू नका. साहेब गेले की मीच बहिणीला फोन लावतो."