पुनर्विवाहाची वजावट

(१९७९. पिंपरीत वकील इंदुताईंचं ऑफिस. समोर कुरुळीहून आलेल्या सासू गिरजाबाई आणि सून सोजर.)

इंदुताई : पुन्हा विचारते. समजा, मी तुमची वकील नाही, ट्रकच्या विमा कंपनीचा वकील आहे. सोजरबाई, तुमचे यजमान किसन सायकलवरून भोसरीला पहिल्या शिफ्टला निघाले होते. रस्त्याच्या मधोमध चालवत होते ना?

सोजर : न्हाई. डाव्या कडेनं.

इंदुताई : तुम्ही तिथं होता?

सोजर : न्हाई.

इंदुताई : मग तुम्हाला काय माहीत?

गिरजाबाई : तो वकील हुता का तिथं?

इंदुताई : गिरजाबाई, तुम्ही मध्ये बोललात तर कोर्टातून बाहेर काढतील.

गिरजाबाई : काढतील की! माझ्या लेकाला मागनं उडवणारा ट्रकवाला आजून गाडी हाकतोय नाशिक रोडवर. त्याला कुनी न्हाई काढलं. म्हातारीला काढायला लई जोर.

इंदुताई : 'पंचनाम्यात लिहिलंय, सायकल डाव्या चरात सापडली,' एवढंच म्हणायचं. पुढं. वय?

सोजर : तेवीस.

इंदुताई : मुलं?

सोजर : एक पोरगी. दीड वर्साची.

इंदुताई : पुन्हा लग्न करणार आहात का?

गिरजाबाई : आं? ह्यो कसला सवाल?

इंदुताई : तो विचारणारच. नवरा गेल्यानं बाईचं किती नुकसान झालं, ते कोर्ट ठरवतं. बाई तरुण असली की म्हणतात, ही दुसरं लग्न करेल, दुसरा नवरा पोसेल. म्हणून भरपाईतून तेवढी वजावट.

गिरजाबाई : वा! म्हंजी नवरा हा सायकलचा टायर. फुटला की दुसरा घालायचा, आन् कंपनीचं पैसं वाचलं म्हनून तिचं आभार मानायचं. बरं, माझं काय? मी तर त्याची आई.

इंदुताई : तुमचा हक्क आहे. पण तुमचं वय बघून कमी धरतील.

गिरजाबाई : सून तरनी म्हनून कमी, मी म्हातारी म्हनून कमी. मधल्या वयाची कुनी आनायची हुती का घरातनं?

इंदुताई : टोमणे मला कळतात. पण कायदा मी नाही केला.

गिरजाबाई : ते दिसतंयच. बाईनं केला असता तर बाप्यालाबी इचारलं असतं, बायकू मेली तर दुसरी कवा करनार म्हनून.

इंदुताई : त्याला विचारावं लागत नाही. महिन्याच्या आत स्थळं दारात येतात. असो. सोजरबाई, सरळ सांगायचं : 'नाही. कधीच करणार नाही.'

सोजर : शपथेवर?

इंदुताई : शपथेवर.

गिरजाबाई : थांब गं. ताई, तुमच्या कोर्टात 'कधीच' किती वर्सांचं असतं?

इंदुताई : म्हणजे?

गिरजाबाई : किसन्याचा बाप गेला तवा मी बी हिच्याच वयाची. मला कोर्टात न्हाई नेलं कुनी. भावकीतल्या चार बाया आल्या, त्यांनीच वदवून घेतलं. कधीच न्हाई, म्हनले. सव्वीस वर्सं झाली. आजून पाळतेय.

सोजर : आत्या, पदरात पोरगी हाय. ताई सांगत्यात तसं म्हनते.

गिरजाबाई : म्हन की. आन् उद्या कुनी भला मानूस दारात आला, तर त्याला इमा कंपनीची पावती दाखव.

इंदुताई : खरं काय आहे, सोजरबाई? तुमच्या मनात?

सोजर : मला ठावं न्हाई, ताई. पोलिसांनी त्यांच्या डब्याचं फडकं आनून दिलं. ते आजून धुतलं न्हाई मी. तुमी लग्नाचं इचारताय.

इंदुताई : हे तिथं नका सांगू. टाइपिस्टला कुठल्या रकान्यात घालावं ते कळणार नाही.

०

गिरजाबाई : जयभीम, ताई. वरीस उलटलं. कोर्टाला जाग आली म्हनं?

इंदुताई : जयभीम, बसा दोघी. निकाल लागला. चूक ट्रकवाल्याचीच धरली. भरपाई विमा कंपनीनं द्यायची.

गिरजाबाई : आन् ती वजावट?

इंदुताई : केली. पुनर्विवाहाची शक्यता म्हणून सोजरबाईंच्या वाट्याचा सहावा हिस्सा कापला. साहजिकच आहे. साक्षीत त्या मी शिकवलेलं बोलल्याच नाहीत.

गिरजाबाई : न्हाई बोलली? मला तर भाईर बशिवलं हुतं. काय म्हनली ही?

इंदुताई : वाचते. 'आज माझ्या मनात लग्न नाही. पुढचं मला माहीत नाही. कधीच करणार नाही, अशी शपथ मी घेणार नाही.'

गिरजाबाई : सोजर?

सोजर : व्हय, आत्या.

गिरजाबाई : वरीसभर एका चुलीवर भाकरी केली. बोलली न्हाईस.

सोजर : पैसं कापलं जातील, ते ठावं हुतं. तुमच्या लेकाच्या जिवाचं पैसं. कुठल्या तोंडानं सांगू?

गिरजाबाई : मला वाटलं, तू बी माझ्यासारखीच मान हलवून आलीस.

इंदुताई : वर हायकोर्टात अपील करता येईल. बाईला पुढचं आयुष्य आहे, याचा दंड तिनं का भरायचा, असं विचारू. वर्षं लागतील. आणि लग्नाचा विषय पुन्हा चघळला जाईल.

सोजर : करा अपील. परत इचारलं तर परत हेच सांगीन.

इंदुताई : मग वकीलपत्रावर तुमची सही लागेल आणि सासूबाईंचा अंगठा. गिरजाबाई, तुमची हरकत नाही ना?

गिरजाबाई : शाई आना, ताई. माझा अंगठा आधी घ्या.