अपेक्षित उत्तर

बसच्या रांगेत माझ्यापुढे अध्यापक महाविद्यालयाच्या दोन विद्यार्थिनी होत्या. धाकटी जवळच्या शाळेत सराव पाठ घेऊन आली होती.

“सरांचा शेरा काय?”

“‘प्रत्येक उत्तराचं कौतुक केलं. उत्तम.’”

“मग तोंड का सुतकी?”

“ताई, मी विचारलं, शाळा सुटल्यावर घरी तुमची वाट कोण पाहतं? पाठाच्या टाचणात अपेक्षित उत्तर होतं, आई.”

“बरोबर आहे की.”

“मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, कुणीच नाही. आणि मी म्हणाले, शाबास, खाली बैस.”

“सवयीनं निघालं असेल गं.”

“वर्गानं टाळ्या वाजवल्या. तेही मीच शिकवलेलं.”

“उद्या बोल तिच्याशी.”

“उद्यापासून आपल्याला सरावाला दुसरी शाळा आहे. शाळा आत्ता सुटेल. जाऊ का?”

“जाऊन काय बोलणार?”

“काही नाही. फाटकाशी उभी राहीन, तिची वाट बघत.”

“आणि उद्या तिनं फाटकाशी तुला शोधलं, तर?”

बस आली. थोरली चढली. धाकटी जागची हलली नाही. मागचे लोक तिला वळसा घालून चढू लागले. मीही चढलो.