सगळे एकदम बोलले की

सासूबाई : गेला बघ. पडदा परत काळा.

सून : हात लावू नका, आई. आधी मला सांगा, जायच्या आधी ऐकलेलं शेवटचं काय लिहून आलं होतं पडद्यावर?

सासूबाई : रेडिओवरची बाई म्हणत होती, उद्या हवा कोरडी राहील. मग तुझं आलं, ‘आता तुम्हीही बोला.’ म्हणून मी तोंड उघडलं आणि तुझा डबा बेशुद्ध.

सून : म्हणजे तिघं एकदम बोललो तेव्हा. सकाळी मी एकटी वर्तमानपत्र वाचत होते, तेव्हा त्याला काही झालं नाही.

सासूबाई : त्याला नाही झालं. मला झोप आली.

सून : चेष्टा नको. उद्या जेवायला दादा, वहिनी, ताई, सगळे असणार. या घरात एकाचं संपल्यावर दुसऱ्यानं बोलायचं अशी पद्धतच नाही.

सासूबाई : माझ्याकडे तोंड करून बोल गं. मान खाली घातलीस की मला नुसती भुणभुण येते.

सून : म्हटलं, उद्या सगळे एकदम बोलणार.

सासूबाई : बोलू देत की. मला ते वाचता आलं म्हणजे झालं. पण एक विचारू? पत्त्यांच्या जोडाएवढा तो कॉम्प्युटर, त्याला पाचजणांचं ऐकायला लावतेस. झेपतं का त्याला?

सून : झेपायला हवं. एकाचं बोलणं लिहिणं त्याला सोपं आहे. पण पाच आवाज वेगळे काढायचे आणि ज्याच्या त्याच्या रंगात लिहायचे म्हटलं की त्याला अंगातली सगळी ताकद लावावी लागते. तिथंच तो कोसळतो आणि परत पहिल्यापासून सुरू होतो. आता का कोसळतो, ते शोधायचं.

सासूबाई : शोध. मी बसलेय. मला पण बघायचंय.

सून : पहिला संशय गरमीवर. फार काम केलं की तो तापतो, आणि फार तापला की... आई, हे काय घातलंय त्याला?

सासूबाई : अंगरखा.

सून : अंगरखा?

सासूबाई : धूळ बसत होती त्याच्यावर. दोन कापडांच्या मध्ये कापूस भरलाय. मऊ आहे बघ. आणि तो लाल दिवा सारखा डोळ्यांत यायचा, तोही झाकला गेला.

सून : अहो, मी त्याला वारा लागावा म्हणून धडपडतेय आणि तुम्ही त्याला दुलई पांघरलीत.

सासूबाई : मला काय माहीत त्याला थंडी वाजत नाही ते. टाके बघ तरी. सगळे हाताने घातलेत. मशीन कुठं राहिलंय आता.

सून : मशीन तुम्हीच देऊन टाका म्हणालात ना? वहिनींनी विचारलं तेव्हा मी समोरच होते.

सासूबाई : मी म्हणाले? तोंडाने?

सून : मान डोलावलीत की.

सासूबाई : मला वाटलं, भाजीत मीठ बरोबर पडलंय का विचारतेय.

सून : आई...

सासूबाई : बरोबर पडलं होतं मीठ. म्हणून डोलावली. दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली आणि मशीन उचलून घेऊन गेली. तेव्हा मला कळलं मी कशाला हो म्हटलं ते.

सून : मग तेव्हाच बोलायचं नाही का?

सासूबाई : काय बोलू? मला ऐकूच आलं नव्हतं म्हणून सांगू, चारचौघांत? कानातलं ते यंत्र लावून बघितलं, तर भांडी, खुर्च्या, माणसं, सगळ्यांचा एकच कल्ला. एकट्या माणसाचं मला तोंडाकडे बघून कळतं. टेबलावर सगळे बसले की मी आपली हसते आणि मान हलवते. चल, काढ तो अंगरखा. मला तुझी गरमी बघू दे.

सून : काढला. सुरू होतोय... झाला. पडद्याच्या या कोपऱ्यात आकडा दिसतोय ना, ती त्याची गरमी. आता परत रेडिओ लावते. तुम्ही पण बोला, काहीही.

सासूबाई : काहीही म्हणजे काय? बरं. माझी धाकटी सून हट्टी आहे. दोन दिवस या डब्याशी झटतेय, जेवायला हाक मारली तरी उठत नाही, आणि तिचा नवरा...

सून : गेला.

सासूबाई : चांगलं रंगात आलं होतं.

सून : पण आकडा वाढलाच नव्हता. तापला नव्हता तो. म्हणजे अंगरखा निर्दोष.

सासूबाई : तुझी दुलई म्हणणारी जीभ आता कुठं गेली?

सून : माफ करा. पण परत घालायचा नाही. आत जे मेमरी कार्ड असतं तेही मी कालच बदललं. त्यानेही फरक नाही.

सासूबाई : पंखा लावू का? आणि त्याला खिडकीपाशी ठेवते, म्हणजे...

सून : नको, नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि तो चालला, तर कशाने चालला ते आपल्याला कळणारच नाही.

सासूबाई : हे मात्र पटलं. औषधांचंही मी डॉक्टरांना हेच सांगते, ते ऐकत नाहीत. पण मला सांग, तो लाल दिवा कशाचा?

सून : कुठला? तो होय. वीज मिळतेय एवढंच सांगतो तो.

सासूबाई : मग मघाशी वीज गेली होती का?

सून : नाही. का?

सासूबाई : पडदा काळा व्हायच्या आधी तो दिवा मिचकावला. एकदा, दोनदा, आणि मग गेला. तू आकड्याकडे बघत होतीस.

सून : नक्की?

सासूबाई : कान गेलेत माझे, डोळे नाही.

सून : थांबा, परत करू. या वेळी मी फक्त दिवा बघते. तुम्ही बोला.

सासूबाई : कुठपर्यंत आले होते? हां, तिचा नवरा. माझा मुलगा तो, पण खरं ते सांगते. भावाने काही म्हटलं की याच्या तोंडाला कुलूप. दादा म्हणेल ती पूर्व...

सून : विझला. आधी दिवा विझला, मग पडदा गेला. आई, त्याला वीज कमी पडतेय.

सासूबाई : सकाळी पुरत होती ना?

सून : सकाळी काम थोडं होतं, तेव्हा घोट घोट पुरे होती. सगळे बोलले की त्याला एकदम भरपूर लागते आणि तेवढी पोचत नाही. वायर कुठली लावलीय मी? ही. फोनची जुनी. ही लांबलचक आणि दोऱ्यासारखी बारीक आहे. वाटेतच वीज ढिली पडत असणार.

सासूबाई : मग ही का लावलीस?

सून : तुमच्या खुर्चीपर्यंत हीच पोचत होती. तुम्हाला दाराजवळचा कोपराच हवा असतो.

मुलगा : काय चाललंय? रेडिओ बोलतोय, आई बोलतेय, आणि तू टेबलाखाली. दादाचा फोन होता. उद्या जरा लवकर येतायत.

सून : ती दुसरी वायर दे. आखूड, जाड. खणात आहे.

मुलगा : ही घे. आता तरी झालं का? नाही झालं तर राहू दे, उद्या मी सांगेन की आईला काय चाललंय ते.

सासूबाई : काय म्हणाला तो? तोंड फिरवून बोलला.

सून : म्हणाला, उद्याचं बोलणं तो तुम्हाला सांगेल.

सासूबाई : सांगेल. जेवणं झाल्यावर, हात पुसत पुसत, ‘काही नाही गं, असंच चाललं होतं.’ आजवर एवढंच सांगितलंयस तू मला.

मुलगा : तसं नाही आई. उद्या फार काही बोलायचं उरलेलंही नाही. तू दादाकडे कायमची राहायला जातेयस, ते तर ठरल्यासारखंच आहे. सामान कधी न्यायचं तेवढं बघायचंय.

सासूबाई : कुणी ठरवलं?

मुलगा : तूच. दादाने परवा फोनवर विचारलं तेव्हा हो म्हणालीस.

सासूबाई : फोनवर?

मुलगा : हो. दोनदा म्हणालीस म्हणे.

सासूबाई : अरे, फोनवर मला फक्त पलीकडे तो आहे एवढं कळतं. त्याचा आवाज थांबला की मी हो म्हणते. परत थांबला की परत हो म्हणते. त्याला बरं वाटावं म्हणून.

मुलगा : हे कधी बोलली नाहीस.

सासूबाई : तुम्ही कधी विचारलं नाहीत.

सून : मला आत्तापर्यंत माहीत नव्हतं, की आईंनी हो म्हटल्याचं तुम्ही दोघं भाऊ धरून चाललायत. मला वाटत होतं, उद्या त्यांना विचारणार आहेत.

मुलगा : मलाही तेच वाटलं होतं. पण दादा म्हणाला झालं, मग मी...

सासूबाई : मग तुझ्या तोंडाला कुलूप. हे मघाशी या डब्यालाही सांगितलंय मी.

सून : वायर लावली. पण ती एवढीशीच आहे, आई. भिंतीतल्या प्लगपासून टेबलाच्या मधोमधपर्यंत. तुमच्या कोपऱ्यात नाही पोचत.

सासूबाई : मधे तर थोरला बसतो.

सून : उद्या तुम्हाला बसावं लागेल.

सासूबाई : कोपऱ्यातून कसं, कुणी काही विचारायला लागलं की पाणी आणते म्हणून उठता येतं. मधून उठायचं म्हणजे दोन्हीकडच्यांना उठवावं लागणार.

सून : जाड लांब वायर बाजारात मिळते. पण आज सगळं बंद आहे.

सासूबाई : म्हणजे मधेच बसायचं. बरं. आधी हा डबा टिकतो का ते बघू. तू बस रे समोर, आणि बोल.

मुलगा : काय बोलू?

सासूबाई : आता बोल म्हटलं तर सुचत नाही बघ याला. पाढे म्हण. सतराचा.

मुलगा : सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस...

सासूबाई : मोठ्याने. दादासारखं. रेडिओ वाढव गं. आता मी पण बोलते. काय बोलू, हां, आमच्या घरात सगळे फार हुशार, फक्त ऐकायचं कुणाला जमत नाही, माझ्यासकट. तू पण बोल, गप्प का?

मुलगा : ...सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट...

सून : बोलते. दिवा बघतेय. दिवा स्थिर आहे. काय बोलायचं, काहीही बोलायचं. तुम्ही गेलात तर मला या घरात करमणार नाही. दिवा स्थिर आहे.

मुलगा : ...सतरा पाचे पंच्याऐंशी, सतरा सक... सतरा सक किती?

सून : एकशे दोन. गरमी ठीक आहे. सगळे बोलतोय आणि चालू आहे. आई, बंद नाही पडला. जुनी वायर परत लावून एकदा खात्री करते, तिच्यावर पडला म्हणजे...

सासूबाई : थांब. हात लावू नकोस.

सून : का? गेला?

सासूबाई : नाही. हिरव्या रंगात एक ओळ आलीय. हिरवा तुझा ना?

(सून पडद्याकडे बघत नाही. रेडिओ बंद करते.)

मुलगा : बघू, काय लिहिलंय?

सासूबाई : तू पाढे म्हण. तुझं ते निळ्यात आलंय सगळं, अडलेलंसुद्धा.

सून : चाचणीसाठी बोलले काहीतरी. मला वाटलं एवढ्या गोंगाटात हरवेल.

सासूबाई : काहीतरी बोललीस?

सून : नाही. खरं तेच बोलले. पण तुम्ही ते मनावर घेऊ नका. दादांकडे बाग आहे, नातवंडं आहेत. तुम्हाला जावंसं वाटलं तर जावं. मी फक्त, तुम्ही न ऐकता जाऊ नये म्हणून हे करत होते.

सासूबाई : अगं, एवढ्या वर्षांत मला वाटायचं तू कमी बोलतेस. तू हळू बोलायचीस होय.

मुलगा : मी आत्ताच दादाला फोन लावतो. सांगतो, आई येणार नाही.

सासूबाई : मी कुठं तसं म्हटलं?

मुलगा : मग येणार आहेस म्हणून सांगू?

सासूबाई : तेही म्हटलं नाही. तुम्हा दोघा भावांना माझी उत्तरं द्यायची फार घाई. फोन ठेव खाली.

सून : मग उद्या काय सांगणार त्यांना?

सासूबाई : आधी त्याला विचारू दे, सगळ्यांसमोर. मला तो प्रश्न पुरता वाचायचाय.