चौघांची एक खोली

(दुपारचे सव्वातीन. सहलींचं बुकिंग करणाऱ्याचं अरुंद ऑफिस. चष्म्याच्या दुकानातून तासाभराची सुटी मागून आई आलीय, तिच्याबरोबर तिची सोळा वर्षांची लेक. टेबलापलीकडे बुकिंगवाला. टेबलावर एका प्रवासी जहाजाचा नकाशा पसरलेला.)

बुकिंगवाला : ...आणि ही शिडी. वरचे दोन पलंग छतातून असे खाली उतरतात. मुलं वर, तुम्ही दोघं खाली. सकाळी खोली आवरणारा आला की ढकलतो ते परत छतात. दिवसा कुणी डोकावलं तर पटणार नाही की इथं चार माणसं झोपतात.

लेक : दिवसा नाही पटणार. रात्री पटेल ना.

बुकिंगवाला : हुशार आहे हो मॅडम तुमची लेक!

आई : हा खालचा पलंग... एकच आहे?

बुकिंगवाला : एकच, पण ऐसपैस. डबल.

आई : तो वेगळा करता येतो का? म्हणजे दोन, सुटे सुटे?

बुकिंगवाला : येतो की. पण मग शिडी ठेवायला जागा उरत नाही. म्हणून चौघं असले की जोडलेलाच ठेवतात. मी स्वतः जहाजावर आठ वर्षं काढलीत मॅडम, लॉन्ड्रीत. प्रत्येक पलंगाची चादर पाठ आहे मला.

लेक : आई, बाबांचा मेसेज आलाय. "आईला सांग, चौघांची एकच घ्यायची. उगाच घोळ घालू नकोस म्हणावं."

आई : बरं.

लेक : काय कळवू?

आई : काही कळवू नकोस. बघतोय म्हण. अहो, दोन खोल्या मिळतील का? मधे दार असतं बघा, तशा.

बुकिंगवाला : त्या केव्हाच गेल्या. शेवटची जोडी तुमच्या नणंदबाईंनी घेतली, त्यांच्या सुनेसाठी. महिना झाला. त्यांच्या पन्नाशीची सहल ना ही? तेरा माणसं आहेत यादीत. नऊ जणांचं सगळं पक्कं आहे, तुमचीच चार नावं लोंबकळतायत. आज पाचला यादी जहाजाकडे जाते. त्यानंतर माझ्या हातात काही नाही.

आई : मग उरलंय काय?

बुकिंगवाला : ही चौघांची, गोल खिडकीवाली. नाहीतर चौथ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत समोरासमोर, मधे बोळ. पण आतल्या. खिडकी नाही. दिवा घालवला की स्वतःचा हात दिसत नाही, सकाळ झाली तेही घड्याळ सांगेल तेव्हा कळायचं.

आई : चालेल. त्या दोन द्या.

लेक : आई, तू लिफ्टमधेसुद्धा डोळे मिटून उभी राहतेस.

आई : सात दिवसांचा तर प्रश्न आहे.

बुकिंगवाला : एक नियम आहे फक्त. एकवीसच्या खालच्यांना एकटं खोलीत ठेवता येत नाही. प्रत्येक खोलीत एक मोठं माणूस पाहिजेच. त्यामुळे कागदावर आपण असं लिहू, एका खोलीत तुम्ही आणि लेक, दुसरीत साहेब आणि मुलगा. चढलात की चाव्यांची अदलाबदल करा. सगळे करतात. मुलं एकीकडे, नवराबायको एकीकडे. कुणी विचारायला येत नाही.

आई : आणि कागदावर आहे तसंच राहिलं तर?

बुकिंगवाला : म्हणजे?

आई : अदलाबदल नाही केली तर. तर काही अडचण नाही ना?

बुकिंगवाला : अडचण कसली! पण... सात रात्री समुद्रावर आहात मॅडम, आणि साहेब...

आई : ते घोरतात फार. मला झोप लागत नाही. घरीसुद्धा मी शिवणाच्या खोलीत झोपते, मशिनशेजारी गादी टाकून.

बुकिंगवाला : हात्तिच्या! एवढंच ना? कानात घालायचे बोळे देतो मी, फुकट. आमच्या लॉन्ड्रीत यंत्रांचा असा धडाका असायचा...

लेक : बाबा घोरत नाहीत.

आई : ठकू.

लेक : नाही घोरत. माझी भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे. दोन वर्षं मी ऐकतेय. कूस बदललेली ऐकू येते. घोरणं नाही.

बुकिंगवाला : मी... तो फॉर्म आतल्या खोलीत राहिलाय वाटतं. घेऊन येतो. पाणी आहे हं तिथे, घ्या.

आई : काय गरज होती?

लेक : तू खोटं बोललीस.

आई : परक्या माणसासमोर काय सांगू मग? तो आपल्या ओळखीचा ना पाळखीचा.

लेक : ओळखीच्यांना सांगितलंयस कुठे? आत्याला वाटतं बाबा घोरतात. मावशीला वाटतं तुझी पाठ दुखते. गट्टूने शाळेत मित्राला सांगितलं की आई शिवणकाम करता करता तिथेच झोपते. चौदा वर्षांचा आहे तो आई, त्याला कळत नाही असं वाटतं तुला?

आई : हळू बोल.

लेक : घरी हळू, इथे हळू. जहाजावर तर भिंती पत्र्याच्या असतात.

आई : म्हणूनच दोन खोल्या घेतेय ना. तू आणि मी एकीकडे, गट्टू आणि ते एकीकडे. चौघांनी त्या डबीत कोंडून घ्यायचं आणि तू नि गट्टूने शिडीवर बसून निरोप पोचवायचे? "आईला सांग दिवा घालव." "बाबांना सांग दिवा घालवलाय." तीन हात अंतरावरून. ते नको मला.

लेक : आणि हे हवंय?

आई : यात काय वाईट आहे? आपण दोघी मस्त राहू.

लेक : मी तुझ्याकडे, गट्टू त्यांच्याकडे.

आई : हो.

लेक : वाटणी झाली आमची.

आई : काहीतरीच काय बोलतेस! खोल्यांचं चाललंय.

लेक : तेच म्हणतेय. आज खोल्यांचं. पुढे घरांचं झालं तरी यादी हीच ना? तू विचारलंयस मला, मला कुणाकडे राहायचंय? गट्टूला विचारलंयस? त्याला बाबांबरोबर एकट्याला सोडलंस तर सात दिवस तो तोंड उघडणार नाही. घरी दोन माणसं गप्प असतात, ती तीन होतील.

आई : अगं, तेवढा विचार नव्हता केला मी.

लेक : मी रोज करते.

आई : ...सुरुवातीला वाटलं, आठ दिवसांत निवळतील. बदलीचं पत्र आलं होतं त्यांना, मोठ्या हुद्द्यावर. मी म्हटलं, मी नाही येणार, आता मुलांच्या शाळा मोडू नका. त्यांनी नकार कळवला, घरी आले, बूट काढले आणि तुला म्हणाले, "आईला सांग, नाही म्हणून आलोय." तिथून सुरू झालं ते. आठाचे पंधरा झाले. मग महिना. मग मी गादी उचलली. मला वाटलं, गादी उचलली तरी बोलतील.

लेक : म्हणजे माझ्या शाळेमुळे.

आई : नाही. वेडी आहेस का? माझ्या नाहीमुळे. ते 'नाही' माझं होतं, तुझं नव्हे.

लेक : पण निरोप माझ्याकडे येतात.

आई : हो. येतात खरे.

लेक : मला कंटाळा आलाय गं आई. तुम्हाला माझ्या तोंडून बोलताना काही वाटत नाही. तुझं वाक्य मी गोड करून सांगते, त्यांचं मऊ करून सांगते. मघाशी "घोळ घालू नकोस" म्हणाले ना, त्याच्या आधी अजून एक शब्द होता. तो मी वाचलाच नाही.

आई : कोणता?

लेक : बघ. म्हणून नाही सांगत.

आई : तुझा फोन दे इकडे.

लेक : कशाला?

आई : माझा ते उचलत नाहीत. दे... लागलाय... ठकू नाही, मी आहे. ठेवू नका. बुकिंगला बसलोय. चौघांची एक खोली आहे आणि दोनदोनच्या दोन आहेत. मला यातलं काही नकोय, मला आधी तुमच्याशी बोलायचंय. दोन मिनिटं. खोलीबद्दलच बोला, दुसरं नको. तुम्हाला कुठे झोपायचंय एवढं मला सांगा. मला, तिला नाही... हो, आहे ती इथेच... ठकू, तुला दे म्हणतायत.

लेक : मी नाही घेणार.

आई : घे गं. चिडतील.

लेक : चिडू देत. तू ऐक. मी आज नाही घेणार.

आई : ती घेत नाहीये. तुम्ही मलाच सांगा... मी ऐकतेय... अहो?... अहो, काहीतरी बोला... ठेवला.

लेक : काही म्हणाले?

आई : श्वास ऐकू येत होता. मग ठेवला.

बुकिंगवाला : येऊ का? फॉर्म मिळाला. चार वाजत आले मॅडम, घाई करत नाही, पण नावं भरायला वेळ लागतो. बोळातल्या दोन लिहू की चौघांची?

आई : तिघांची असते का हो?

बुकिंगवाला : असते. सहाव्या मजल्यावर एक आहे. बाहेरच्या बाजूला, खिडकी चांगली ही एवढी. खाली दोन सुटे पलंग, वर एकच. मगाशी दाखवली नाही, कारण तुम्ही चौघं.

लेक : कोण तिघं?

आई : तू, गट्टू आणि बाबा. सुटे पलंग आहेत. उजेड आहे. तिघं बोलता एकमेकांशी, मी नसले की हसतासुद्धा. स्वयंपाकघरात येतो मला आवाज.

लेक : आणि तू?

आई : मी नाही येत.

बुकिंगवाला : मॅडम, एक सांगू? एकदा नाव काढलं की या सहलीत परत घालता येत नाही. मागाहून रडत आलेली माणसं मी बघितलीत या खुर्चीत.

आई : मी त्यातली नाही. काढा.

लेक : थांबा हो काका. काढू नका. आई, म्हणजे मी तिकडे जायचं, आणि आत्या विचारणार, तिची सून विचारणार, जेवायला बसलं की टेबलावरचे सगळे विचारणार, तुझी आई का नाही आली? बाबा खिडकीतून समुद्र बघणार. मग कुणी सांगायचं? परत मीच ना? "आईला सुटी नाही मिळाली." "आईची पाठ धरलीय." तू घरी सुटलीस, मी तिथे अडकले. सात दिवस. उतरायचं म्हटलं तरी चहूकडे पाणी.

आई : ...खरंय तुझं.

लेक : मग?

आई : मग तू काही सांगायचं नाहीस. तुझ्याआधी सगळ्यांना माहीत असेल.

लेक : कसं?

आई : आत्याचा नंबर लाव. नको, माझ्याच फोनवरून लावते. माझा ती उचलते.

लेक : आत्ता? इथून?

आई : घरी गेले की मी भाजी चिरायला घेईन, मग कपडे, मग उद्या बघू. मला माहितीये मी कशी आहे. दोन वर्षं उद्याच बघतेय.

बुकिंगवाला : मी बाहेर जाऊन उभा राहतो. चालेल मला.

आई : बसा हो. तुमच्यापासून लपवण्यासारखं आता काय राहिलंय? ते कानातले बोळे तेवढे आवरून ठेवा.

लेक : आई, आत्या भडकेल. तिला सगळे एका फोटोत हवेत. बाबांविरुद्ध काही ऐकून घेत नाही ती.

आई : भडकू देत. तू आता म्हणालीस ना, चिडू देत.

लेक : ते मी बाबांना म्हटलं.

आई : भाऊबहीण आहेत, दोघांना चालेल... रिंग होतेय.

लेक : मी धरू का फोन?

आई : नको. हा मीच धरायचा. तू फक्त इथे बस... हॅलो, ताई? मी बोलतेय... हो, तिथेच आहे, बुकिंगला... मिळाली, मिळाली, खिडकीवाली मिळाली. पण तिघांची आहे... नाही, चूक नाही झाली त्याची. मी येत नाहीये... सुटी मिळतेय हो, मालकीणबाई स्वतःहून जा म्हणाल्यात... नाही, पाठ वगैरे काही नाही, तब्येत ठणठणीत आहे... मग काय ते सांगते ना. तुम्ही जरा बसून ऐका. मधे बोलू नका, नाहीतर मला परत सांगता यायचं नाही... ते घोरत नाहीत, ताई. मी खोटं सांगितलं होतं. तुमचे भाऊ दोन वर्षं झाली, माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत... एकही नाही. काय असेल ते पोरांकडून... ताई?

लेक : ठेवला तिने पण?

आई : नाही. आहेत. ऐकतायत.